साहेबांचं नाव काय? राज्यकर्त्यांसाठी प्रार्थना करताना

सलाम ताई.

बाकीच्या वाचणाऱ्यांना संदर्भ लागावा म्हणून तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो. तुमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, दर रविवारी मध्यस्थीच्या प्रार्थनेत (इतरांसाठी केलेल्या प्रार्थनेत) एक वाक्य येतं: "आमचे राष्ट्रपती, पंतप्रधान, मुख्यमंत्री आणि सर्व अधिकारी यांना आशीर्वाद दे." त्यावर तुम्हाला आमेन म्हणवत नाही. ज्यांचं राजकारण आपल्याला अन्यायाचं वाटतं त्यांच्यासाठी आशीर्वाद मागणं म्हणजे देवासमोर खोटं बोलणं, असं तुम्ही लिहिलंय. शिवाय निवडणुकीच्या दिवसांत उमेदवार चर्चमध्ये येऊन "आमच्यासाठी प्रार्थना करा" म्हणतात, तेव्हा काय करायचं, हेही विचारलंय.

मी एकतीस वर्षं पाळक, म्हणजे चर्चचा धर्मगुरू, होतो, त्यातली बरीचशी नगर आणि नाशिक जिल्ह्यांतल्या खेड्यांच्या मंडळ्यांत गेली. ते वाक्य मीही शेकडो रविवार म्हटलं आहे. म्हणताना माझं लक्ष पुढच्या गीताच्या नंबराकडे असायचं, हे आज कबूल करतो. तुम्ही निदान थांबून विचार केलात. ते वाक्य इतकं मोघम आहे की त्यात खरं किंवा खोटं बोलायला जागाच नाही, आणि माझ्या मते तुमची अडचण तिथून सुरू होते.

मला हे कळलं ते एका बुधवारच्या प्रार्थना सभेत. गावाचं आणि तालुक्याचं नाव मुद्दाम लिहीत नाही. चाळीसेक ख्रिस्ती घरं, आणि आमची जुनी दफनभूमी ओढ्याच्या काठाला. दर पावसाळ्यात काठ ढासळायचा. एका वर्षी तर एका घरातल्या आजोबांच्या कबरीचा दगडच ओढ्यात गेला. गायरानातली थोडी जागा दफनभूमीसाठी मिळावी म्हणून आम्ही तहसीलला अर्ज केला. अकरा महिने काही हललं नाही. सभेत आम्ही प्रार्थना करायचो, "प्रभू, त्या अधिकाऱ्याचं मन वळव." सभा सुटली की चपला घालता घालता त्याच अधिकाऱ्याबद्दल जे बोलायचो ते इथे लिहिण्यासारखं नाही.

त्या बुधवारी मी प्रार्थनेला सुरुवात करणार, तेवढ्यात एका म्हाताऱ्या बाईंनी विचारलं, "पाळकसाहेब, त्या साहेबांचं नाव काय हो?" कोणालाच माहीत नव्हतं. अकरा महिने आम्ही ज्या माणसासाठी गुडघे टेकत होतो आणि ज्याच्या नावाने बोटं मोडत होतो, त्याचं नावच आम्हाला ठाऊक नव्हतं. त्या म्हणाल्या, "मग देवाला तरी कसं कळावं कोणाबद्दल बोलताय ते?" देवाला अर्थातच कळतं. पण त्यांचं म्हणणं बरोबर होतं.

दुसऱ्या दिवशी कॉलेजला जाणाऱ्या एका मुलाला कचेरीत पाठवलं. तिथे साहेबांच्या दाराशी आजवरच्या अधिकाऱ्यांच्या नावांचा लाकडी फलक होता, 'पासून' आणि 'पर्यंत' अशा दोन रकान्यांचा. मुलाने शेवटचं नाव वहीत उतरवून आणलं. येताना त्याने शिपायाशी गप्पाही मारल्या होत्या. त्यातून कळलं की साहेबांकडे शेजारच्या तालुक्याचाही कार्यभार आहे आणि आठवड्यातून तीनच दिवस ते इथे बसतात. पुढच्या बुधवारी आम्ही त्यांचं नाव घेऊन प्रार्थना केली. आमच्यातला जो सगळ्यांत जहाल बोलायचा, तोच त्यानंतर कचेरीत गेला आणि पहिल्यांदाच भांडायच्या सुरात न बोलता त्याने विचारलं, "साहेब, आमच्या कागदांत काय कमी आहे?" ग्रामसभेचा ठराव कमी होता. आम्ही तो जोडलाच नव्हता, आणि तसं आम्हाला कोणी सांगितलंही नव्हतं.

जागा मिळायला पुढे चार वर्षं गेली. मधल्या काळात दोन अधिकारी बदलले. ज्यांचं नाव घेऊन आम्ही सुरुवात केली त्यांच्या सहीने ती मिळाली नाही. त्यामुळे ही गोष्ट मी चमत्काराची साक्ष म्हणून सांगत नाही. नाव आणि काम कळल्यावर आमच्या प्रार्थनेचं काय झालं, एवढंच सांगतोय.

आता शास्त्राकडे येतो. या विषयावर सगळे जण उघडतात तो बायबलमधला उतारा म्हणजे प्रेषित पौलाने आपला तरुण सहकारी तीमथ्य याला लिहिलेल्या पहिल्या पत्राचा दुसरा अध्याय. सर्व माणसांसाठी, राजांसाठी आणि अधिकारावर असलेल्या सर्वांसाठी प्रार्थना करा, म्हणजे आपल्याला शांतीने, भक्तीने आणि सभ्यपणे जगता येईल, असं तो सांगतो. तिथे तो प्रार्थनेसाठी चार शब्द वापरतो. त्यातल्या तिसऱ्यावर मी आयुष्यभर रेंगाळलो आहे. आपल्या जुन्या मराठी बायबलमध्ये तिथे 'रदबदली' असा शब्द आहे. मूळ ग्रीक शब्द 'एन्ट्युक्सिस'. इजिप्तमध्ये टॉलेमी राजांच्या काळातले जे पपायरसचे कागद सापडले आहेत, त्यांत रयतेने राजाच्या नावे केलेल्या अर्जाला हाच शब्द आहे. म्हणजे कचेरीचा शब्द आहे हा. शेजाऱ्याने बांध कोरला, सावकाराने जास्त घेतलं, असल्या तक्रारींचे अर्ज. पौल तोच शब्द उचलतो आणि म्हणतो, राजासाठी असा अर्ज करा. कोणाकडे? राजाच्याही वर जो आहे त्याच्याकडे.

हे लक्षात आलं की 'आशीर्वाद दे' या दोन शब्दांचा पोकळपणा दिसू लागतो. तहसीलमध्ये "माझं भलं करा" असा अर्ज कोणी देत नाही. अर्जात नाव लागतं, गट नंबर लागतो, काय घडलं आणि काय हवं हे लागतं. अर्ज करणारा खुशामत करायला आलेला नसतो आणि शिव्या द्यायलाही नाही. तुमच्या मनात जो राग आहे, त्यालाही अर्जात जागा आहे. तो 'काय घडलं' या भागात लिहायचा.

पौलाने हे लिहिलं तेव्हा रोमच्या गादीवर नीरो होता असं परंपरेने मानलं जातं. नीरोची कारकीर्द इ. स. ५४ ते ६८. सन ६४ मध्ये रोम जळलं आणि त्याचा आळ ख्रिस्ती लोकांवर घालून त्यांना हालहाल करून मारण्यात आलं. तेव्हा "चांगल्या राजासाठी प्रार्थना करीन, वाईटासाठी नाही" ही सवलत त्या पत्रात शोधून सापडत नाही.

पण इथे एक भेद नीट समजून घ्या, कारण सगळी गोष्ट त्यावर उभी आहे. त्या काळी साम्राज्यात सम्राटाची पूजा चालायची, त्याच्या प्रतिमेपुढे धूप जाळायचा. यहुदी लोक त्यापासून दूर राहिले. मात्र यरुशलेमच्या मंदिरात ते सम्राटासाठी आणि रोमी लोकांसाठी रोज दोन वेळा देवाला यज्ञ अर्पण करायचे. सम्राटाला अर्पण नाही, सम्राटासाठी अर्पण. सन ६६ मध्ये हे यज्ञ बंद केले गेले, आणि रोमविरुद्धच्या युद्धाची खरी सुरुवात तिथून झाली, असं त्या काळचा इतिहासकार योसेफस लिहितो. म्हणजे राज्यकर्त्यासाठी प्रार्थना ही दोन्ही बाजूंना केवढी मोठी गोष्ट वाटत होती ते बघा. त्याच पिढीतले रब्बी हनिना, मंदिरातले दुय्यम प्रमुख याजक, यांचं एक वचन यहुदी परंपरेने जपलंय: राज्याच्या कुशलासाठी प्रार्थना करा, त्याचा धाक नसता तर माणसाने माणसाला जिवंत गिळलं असतं. दंगलीची रात्र ज्याने पाहिली आहे त्याला हे वाक्य समजावून सांगावं लागत नाही.

हाच भेद ख्रिस्ती लोकांनी पुढे जिवावर बेतेपर्यंत सांभाळला. सन १८० मध्ये उत्तर आफ्रिकेतल्या कार्थेजला स्किलियम नावाच्या गावचे बारा ख्रिस्ती सुभेदारापुढे उभे केले गेले, सात पुरुष आणि पाच स्त्रिया. सुभेदार समजावणीच्या सुरात म्हणाला, आमचाही धर्म साधाच आहे, आम्ही सम्राटाच्या दैवाची शपथ घेतो आणि त्याच्या कुशलासाठी प्रार्थना करतो, तुम्हीही तेवढं करा. त्यांच्यातला स्पेरातुस म्हणाला की मी चोरी केली नाही, जे विकत घेतो त्याचा करही भरतो. दोनाता नावाच्या बाईने उत्तर दिलं: कैसराला कैसर म्हणून मान, भय मात्र देवाचं. बाराही जणांना मृत्युदंड झाला. पुढे सतरा वर्षांनी त्याच कार्थेजमध्ये तर्तुलियन या ख्रिस्ती लेखकाने सरकारला उद्देशून लिहिलं की आम्ही सम्राटासाठी दीर्घायुष्य, सुरक्षित राज्य, शूर सैन्य, विश्वासू सभासद, प्रामाणिक प्रजा आणि शांत जग मागतो. आणि आम्हाला कोणी शब्द पढवावे लागत नाहीत, कारण आम्ही मनापासून मागतो. ज्या गावात बारा जणांची डोकी उडवली गेली त्याच गावातून हे लिहिलं गेलंय. मी दर वेळी वाचतो तेव्हा थांबतो.

यिर्मया संदेष्ट्याचं पत्र तुम्हाला माहीत असेल, एकोणतिसावा अध्याय. बाबेलला धरून नेलेल्या लोकांना तो लिहितो: घरं बांधा, मळे लावा, आणि ज्या नगरात तुम्हाला नेलं त्याच्या कुशलासाठी प्रार्थना करा, कारण त्याच्या कुशलात तुमचं कुशल आहे. ज्यांनी घरदार लुटलं त्यांच्याच नगरासाठी! ते पत्र ऐकून किती जणांच्या कपाळाला आठ्या पडल्या असतील. तुमच्यासारखंच त्यांच्याही तोंडून आमेन निघालं नसेल.

आता आपल्या इकडचं एक अवघड उदाहरण, जे आपण ख्रिस्ती लोक फारसं बोलत नाही. इंग्रजी अमदानीत इथल्या अँग्लिकन (चर्च ऑफ इंग्लंडच्या) मंडळ्यांत इंग्लंडच्या राजासाठी ठरलेली प्रार्थना होत असे. १६६२ च्या प्रार्थनापुस्तकातल्या त्या प्रार्थनेत राजाला आरोग्य, ऐश्वर्य आणि दीर्घायुष्य मागितलंय आणि "त्याच्या सर्व शत्रूंवर त्याला जय मिळू दे" असंही मागितलंय. ऑगस्ट १९४२ मध्ये नेहरू, पटेल, मौलाना आझाद आणि काँग्रेस कार्यकारिणीचे इतर सभासद यांना नगरच्या किल्ल्यात आणून ठेवलं, ते पुढे १९४५ पर्यंत. सरकारच्या लेखी ते राज्याचे शत्रूच होते. राजासाठीची ती प्रार्थना त्या वर्षांतही पुस्तकात तशीच छापलेली होती. मग १९४७ आलं. किल्ल्यातला कैदी देशाचा पंतप्रधान झाला आणि आपल्या मंडळ्या त्याच्यासाठी प्रार्थना करू लागल्या.

मी यातून एक धडा घेतला आणि तो कसोशीने पाळला: राज्यकर्त्यासाठी मागताना त्याच्या विरोधकांचा पराभव मागायचा नाही. आज ज्याला सरकार शत्रू म्हणतं तो उद्या कुठे असेल, हे आपल्याला माहीत नसतं. देवाला आपण एका पक्षात ओढून बसवतो ते वेगळंच. उलट मी नेहमी सत्ताधारी आणि विरोधी पक्षनेते दोघांची नावं एकाच प्रार्थनेत घेत आलो. सुरुवातीला काही जणांना खटकायचं. नंतर ते स्वतःच आठवण करून द्यायला लागले.

मग मागायचं काय? याचं सगळ्यांत चांगलं उत्तर बहात्तराव्या स्तोत्रात आहे. राजासाठीच केलेली प्रार्थना आहे ती. तिथे पहिली मागणी न्यायाची: हे देवा, राजाला तुझा न्याय दे. मग गरिबांचा कैवार, कंगालांच्या लेकरांचं तारण, जुलूम करणाऱ्याचा चुराडा. दीर्घायुष्य, सोनं आणि पीकपाणीही आहे त्यात, पण ते न्यायाच्या पाठीमागून येतं. ताई, तुम्हाला जो अन्याय दिसतोय तो या स्तोत्राच्या साच्यात घालून बघा. "या माणसाला आशीर्वाद दे" हे तुमच्या तोंडून निघत नसेल, पण "या माणसाच्या हातून गरिबाला न्याय मिळू दे" हे निघेल की नाही? त्यावर तर तुम्ही सगळ्यांत मोठ्याने आमेन म्हणाल. आणि कोणत्याही राज्यकर्त्याचं याहून जास्त भलं मागता येत नाही.

दुसरी एक मागणी मी मोठ्या पदावरच्या माणसांसाठी नेहमी करतो: प्रभू, याच्या जवळ एक तरी नाथान असू दे. दावीद राजाने बथशेबेच्या नवऱ्याला मारवलं, तेव्हा दरबारात तोंड उघडणारा एकटा नाथान संदेष्टा होता. "तो मनुष्य तूच" असं त्याने राजाच्या तोंडावर सांगितलं. सत्तेवरच्या माणसाभोवती होयबांची काय कमी? खरं सांगणारा एखादा सचिव, एखादा ड्रायव्हर, एखादी म्हातारी आईसुद्धा त्याला वाचवू शकते. हे मागताना मला त्या माणसाबद्दल प्रथमच कळवळा वाटतो, असा माझा अनुभव आहे.

नीतिसूत्रांच्या एकविसाव्या अध्यायाचं पहिलं वचन आपण सगळे पाठ म्हणतो, की राजाचं मन परमेश्वराच्या हाती पाटाच्या पाण्यासारखं आहे, तो हवं तिकडे वळवतो. मूळ इब्री शब्दही नदीच्या वाहत्या पाण्याचा नाही, खणून काढलेल्या पाटांचा आहे. आमच्या मंडळीतल्या एका शेतकऱ्याने मला याचा अर्थ सांगितला. पौष महिन्यातल्या थंडीत रात्री दोनला लाईट येते, तेव्हा तो उसाला दारं धरायला जायचा. एकदा मीही बरोबर गेलो. टॉर्चच्या उजेडात तो फावड्याने एका सरीचं तोंड फोडायचा, दुसऱ्या सरीचं मातीने बुजवायचा, आणि पाणी निमूट वळायचं. मी म्हटलं, किती सोपं आहे. तो म्हणाला, "सोपं नाही पाळकसाहेब, रातभर जागं राहावं लागतं. डोळा लागला की पाणी बांध फोडून दुसऱ्याच्या वावरात." पाणी वळवणारा देव आहे, यावर माझा पूर्ण विश्वास आहे. पण त्या रात्रीनंतर प्रार्थना म्हणजे त्याच्याबरोबर बांधावर जागं राहणं असं मला वाटत आलंय.

जागं राहणं म्हणजे बोलणंही आलं. प्रार्थना करतो म्हणून सरकारविरुद्ध ब्र काढायचा नाही, असं काही भाऊबंद मानतात आणि अधिकाऱ्यांच्या अधीन राहा असं सांगणाऱ्या रोमकरांस पत्राच्या तेराव्या अध्यायाचा दाखला देतात. मला ते पटत नाही. ज्या पेत्राने "राजाचा मान राखा" असं लिहिलं, तोच यहुदी पुढाऱ्यांच्या न्यायसभेपुढे उभा राहून म्हणाला होता की माणसांपेक्षा देवाची आज्ञा मानली पाहिजे. आपल्या मराठी मातीतलं उदाहरण हवं तर पंडिता रमाबाई. त्यांच्या मुक्ती मिशनइतकी प्रार्थना महाराष्ट्रात क्वचितच कुठे झाली असेल. त्याच रमाबाईंनी १८९७ च्या प्लेगमध्ये पुण्यातल्या सरकारी व्यवस्थेत बायकांची जी हेळसांड होत होती, तिच्याविरुद्ध वृत्तपत्रात जाहीर पत्र लिहिलं. सरकार ख्रिस्ती राणीचं होतं म्हणून त्या गप्प बसल्या नाहीत.

एखादी राजवटच संपावी अशी प्रार्थना करता येते का? तुम्ही तसं विचारलेलं नाही, पण प्रश्नाच्या आत ते दडलेलं आहे. वर्णभेदी राजवटीत दक्षिण आफ्रिकेतल्या मंडळ्यांपुढे हाच प्रश्न उभा राहिला होता. १६ जून १९७६ ला सोवेटोत शाळकरी मुलांवर गोळीबार झाला. १९८५ च्या त्याच दिवशी तिथल्या चर्चेसच्या परिषदेने 'अन्यायी राजवटीच्या अंतासाठी प्रार्थना' करण्याचं आवाहन केलं. ख्रिस्ती लोकांतच केवढा वाद पेटला. काही पुढाऱ्यांनी त्याला उघड विरोध केला. आवाहन करणाऱ्यांचं म्हणणं असं की आम्ही इतकी वर्षं सरकारसाठी प्रार्थना करतोय, आता त्याच प्रार्थनेचा हा पुढचा भाग आहे. मला त्यांचं पटतं, एका अटीवर. अंत अन्यायाचा मागायचा, माणसाचा नाही. लोकशाहीत तर आपल्याला सरकार बदलण्यासाठी मतपेटी दिली आहे. मत विरोधात देऊन आलेल्या संध्याकाळी त्याच माणसासाठी प्रार्थना करता येते, यात काहीही विसंगत नाही. मी केली आहे.

माणसाचा अंत मागण्याबद्दल स्पष्ट बोलतो, कारण असे मेसेज आता आपल्या मराठी ग्रुपांतही फिरू लागले आहेत. अमेरिकेत २००९ च्या सुमाराला ओबामांच्या विरोधात गाड्यांवर स्टिकर लागले होते: ओबामांसाठी प्रार्थना करा, स्तोत्र १०९:८. वचन काढून बघितलं तर "त्याचे दिवस थोडे होवोत, त्याचा हुद्दा दुसरा घेवो." पुढचंच वचन त्याची मुलं पोरकी आणि बायको विधवा होवो असं आहे. शापाची स्तोत्रं बायबलमध्ये आहेत, आणि ती पिळवटलेल्या माणसाने देवापुढे ओतलेली आहेत. तुमच्यावर खरोखर अत्याचार झाला असेल तर खोलीचं दार लावून ती म्हणा, देव ऐकून घेईल. पण ती स्टिकरवर छापणं म्हणजे देवाच्या तोंडून शिवी देणं. मी कोणतीही जाहीर प्रार्थना लिहिताना एक परीक्षा घेतो: तो पुढारी, मग तो कोणत्याही धर्माचा असो, आज शेवटच्या बाकावर येऊन बसला असता तर हे शब्द मी असेच म्हटले असते का? त्याला खरं ऐकू गेलं पाहिजे, आणि आपली मस्करी किंवा अपमान चाललाय असं वाटता कामा नये. लाजेने बदलावा लागेल असा शब्द असेल तर तो आधीच खोडतो.

उमेदवारांचं आता पटकन सांगतो, कारण इथे फार विचार करण्यासारखं काही नाही. धर्मस्थळाची जागा राजकीय कामासाठी वापरायला १९८८ च्या कायद्याने बंदी आहे. प्रार्थनास्थळं प्रचारासाठी वापरायची नाहीत असं आदर्श आचारसंहितेतही आहे. धर्माच्या नावावर मत मागणं हा लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२३ खाली भ्रष्ट आचार ठरतो, आणि २ जानेवारी २०१७ ला सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायमूर्तींच्या खंडपीठाने त्याचा अर्थ आणखी व्यापक केला. त्यामुळे चर्चच्या पंच मंडळींनी निवडणूक जाहीर व्हायच्या आधीच बसून ठरवून ठेवावं. आमचा नियम असा होता: उमेदवार उपासनेला येऊ शकतो, इतरांसारखा बाकावर बसू शकतो. माईक नाही, हार नाही, वेदीजवळ बोलावून डोक्यावर हात ठेवणं नाही, फोटो नाही. प्रार्थना सगळ्या उमेदवारांसाठी, अपक्षांसकट, मतदान यंत्रावर ज्या क्रमाने नावं येतात त्याच क्रमाने. एकदा एका मोठ्या पक्षाचे उमेदवार समोर बसले होते आणि त्यांचं नाव चौथं आलं. कार्यकर्ते नाराज झाले. ते स्वतः मात्र जाताना हात जोडून म्हणाले, "माझ्या विरोधकासाठी पण मागितलंत, बरं वाटलं." ते खरं बोलले की रीत म्हणून, ते देवाला ठाऊक.

आपण महाराष्ट्रात लोकसंख्येच्या एक टक्क्याच्या आतबाहेर आहोत, २०११ च्या जनगणनेत साधारण दहा लाख ऐंशी हजार. संख्या इतकी कमी असली की दोन मोह होतात: सत्तेच्या पायाशी बसायचं, नाहीतर दार लावून घ्यायचं. आजवर ज्या मंडळ्या मी पाहिल्या, त्यांत नाव घेऊन, काम समजून प्रार्थना करणाऱ्या मंडळ्या या दोन्हींपासून बऱ्यापैकी वाचल्या. वसईकडच्या कॅथलिक बंधुभगिनींच्या मिस्सामध्ये, म्हणजे मुख्य उपासनेत, 'विश्वासूंच्या प्रार्थना' असतात, त्यांत राज्यकर्त्यांसाठी जागा ठरलेली आहे. १९६३ मध्ये दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने, म्हणजे जगभरच्या कॅथलिक बिशपांच्या सभेने, ही प्राचीन रीत पुन्हा सुरू करताना तीमथ्याच्या त्याच उताऱ्याचा आधार घेतला. त्या प्रार्थना दर आठवड्याला नव्याने लिहिता येतात, ही सोय मला फार आवडते.

तुमच्या मंडळीत काय करता येईल? पाळकांना जाऊन ते वाक्य चुकीचं आहे असं सांगू नका. "पुढच्या रविवारी मध्यस्थीची प्रार्थना तरुण संघ घेईल" असं विचारा. आणि वरून सुरुवात करू नका, खालून करा. दिल्लीतल्या माणसाच्या टेबलावर या आठवड्यात काय आहे ते आपल्याला वर्तमानपत्रातून कळतं. आपल्या तलाठ्याच्या, ग्रामसेवकाच्या, पोलीस ठाण्याच्या साहेबांच्या, शाळेच्या मुख्याध्यापकांच्या टेबलावर काय आहे ते डोळ्यांनी दिसतं. खालच्या माणसासाठी नेमकं मागायची सवय लागली की वरच्यासाठीही नेमकं मागता येतं. आम्ही त्यासाठी एक दोनशे पानी वही ठेवली होती. डाव्या पानावर नाव, पद आणि या आठवड्याचं काम. उजवं पान रिकामं, पुढे काय झालं ते लिहायला. आभारही तिथेच लिहायचे, कारण पौलाचा चौथा शब्द उपकारस्तुती आहे आणि आपण तो सर्रास गाळतो. टँकर वेळेवर आला, बंद पडलेली एसटीची मुक्कामी गाडी पुन्हा सुरू झाली, अशा नोंदी त्या वहीत आहेत. उजवी पानं बरीच कोरीही आहेत.

अतिवृष्टीच्या एका वर्षी त्या वहीतून म्हटलेली प्रार्थना देतो, नमुना म्हणून. शब्द तुमचे घाला:

"प्रभू, आमच्या तालुक्याचे तहसीलदार अमुक यांना घेऊन तुझ्यापुढे येतो. या आठवड्यात त्यांच्यासमोर पंचनाम्यांच्या याद्या आहेत. ज्याचं खरोखर नुकसान झालं त्याचं नाव सुटू देऊ नकोस. ज्याचं झालं नाही त्याचं नाव घालायला कोणी दबाव आणला, तर त्यांना नाही म्हणायचं बळ दे. पावसात बांधाबांधाने फिरणाऱ्या तलाठ्यांना सांभाळ. साहेबांच्या घरी शांती दे. आमच्याकडून एखादा कागद राहिला असेल तर आम्हाला दाखव, आणि आमच्यापैकी कोणी जास्त क्षेत्र लिहून दिलं असेल तर त्याला आजच दुरुस्त करायला लाव. येशूच्या नावाने मागतो, आमेन."

शेवटच्या मागणीनंतर त्या रविवारी चर्चमध्ये आमेन जरा उशिराने आलं होतं. सोमवारी दोघे जण तलाठ्याकडे जाऊन आकडा कमी करून आले.

या आठवड्यात कामाला तालुक्याला जाणं झालं तर तहसीलमध्ये पाच मिनिटं वळा. साहेबांच्या दाराजवळ नावांचा फलक असेल. सगळ्यांत खालचं नाव उतरवून घ्या. त्याच्यापुढचा 'पर्यंत'चा रकाना अजून रिकामा असेल.